चौकटीबाहेर काय गेलं? घोलवडचे फोटो आणि रचनेची तत्त्वं



संशोधनाच्या तयारीत आपण संदर्भ कसे शोधायचे, प्रश्नावली कशी बनवायची, आलेख कसा काढायचा हे सगळं शिकतो. फोटो कसा काढायचा हे मात्र कुणी शिकवत नाही. फोटो तर सगळ्यांनाच काढता येतो, असं गृहीत धरलेलं असतं. आणि ज्यांना थोडं जास्त शिकायचं असतं ते मोबाइल घेऊन 'रचनेचे दहा नियम' छापाचं काहीतरी वाचतात: तृतीयांशाचा नियम पाळा, अग्रभागी काहीतरी घ्या, पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा, रेषांनी नजर आत न्या. फोटो खरंच सुधारतात. पण तोच फोटो पुढे तुमच्या प्रबंधात 'आकृती ३.२' म्हणून येतो, तेव्हा तो सुंदर आहे का हा प्रश्न मागे पडतो. त्यातून काय सिद्ध होतं, हा प्रश्न पुढे येतो.

आजचा लेख याच दोन प्रश्नांमधल्या ओढाताणीबद्दल आहे. उदाहरण म्हणून घोलवड घेतलंय. डहाणू तालुक्यातलं, पश्चिम रेल्वेवरचं हे छोटं स्टेशन. घोलवडचे म्हणून जे फोटो फिरतात त्यात तीन प्रकार हमखास असतात: सुरूच्या झाडांमागे मावळणारा सूर्य, झाडावरचा एकुलता एक चिकू आणि गेरूच्या भिंतीवरचं वारली चित्र. कुणा एका फोटोग्राफरवर टीका करायची नाहीये. हे तीन 'नमुने' आहेत, आणि रचनेच्या दृष्टीने तिन्ही चांगले असतात. म्हणूनच ते तपासण्यासारखे आहेत. चांगली रचना असूनही, किंबहुना चांगल्या रचनेमुळेच, त्यांच्यातून काय निसटतं ते बघू.

ही तत्त्वं आली कुठून?

तुम्ही शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल, तर संकल्पचित्राच्या तासाला ही यादी ऐकलेली असणार: समतोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य, एकसंधता. कलेची आणि अभिकल्पाची तत्त्वं म्हणतात ती हीच. पाश्चात्त्य कलाशिक्षणात ती सोप्या पद्धतीने मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकन कलाशिक्षक आर्थर वेस्ली डो. त्याचं 'कॉम्पोझिशन' हे पुस्तक १८९९ चं. जपानी छापचित्रांच्या अभ्यासातून त्याने रेषा, गडद-फिक्याची मांडणी आणि रंग या तीन गोष्टींवर भर दिला. अल्विन लँग्डन कोबर्नसारखे छायाचित्रकार त्याच्याकडे शिकले. म्हणजे चित्रकलेची तत्त्वं कॅमेऱ्यात गेली ती अशी, शिक्षकांच्या हातून.

आता सगळ्यात प्रसिद्ध नियम घ्या, 'रूल ऑफ थर्ड्स'. हे नाव इंग्लिश चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ च्या एका पुस्तकात वापरलं. तिथे तो ग्रामीण निसर्गचित्रांबद्दल बोलतोय: आकाश आणि जमीन यांना सारखा वाटा देऊ नका, साधारण दोनास एक असं प्रमाण ठेवा, वगैरे. त्याचा भर होता वाटणी असमान ठेवण्यावर. आज मोबाइलच्या पडद्यावर नऊ घरांची जाळी दिसते आणि 'छेदबिंदूवर विषय ठेवा' असं सांगितलं जातं, तो नंतरच्या लोकांनी केलेला विस्तार आहे.

मग कुणीतरी सांगतं की हा नियम म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचंच सोपं रूप. गणित करून बघा. तुमचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल तर तृतीयांशाची रेषा २००० वर येते आणि सुवर्ण गुणोत्तराची साधारण २२९२ वर. फरक जवळजवळ तीनशे पिक्सेलचा. सुवर्ण गुणोत्तर लोकांना जास्त आवडतं, या दाव्यामागे गुस्ताव फेखनर या जर्मन शास्त्रज्ञाचं १८७६ च्या पुस्तकातलं काम आहे. त्याने लोकांपुढे दहा आयत ठेवले. साधारण ३५ टक्के लोकांनी सुवर्ण गुणोत्तराचा आयत निवडला. प्रायोगिक सौंदर्यशास्त्राची ही मोठी सुरुवात होती. पण नंतर इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल दर वेळी तसाच आला नाही. शिवाय रिकामा आयत आवडणं वेगळं, आणि त्या आयतात समुद्र कुठे ठेवला तर आवडतो हे वेगळं. पहिल्या निष्कर्षावरून दुसरा काढणं ही उडी आहे.

तर पहिला मुद्दा हा: रचनेचे 'नियम' आपण ज्या अर्थाने ऊष्मागतिकीचे नियम म्हणतो त्या अर्थाने नियम नाहीत. ते माणसाच्या लक्षाबद्दलचे अंदाज आहेत. आपल्या भाषेत, गृहीतकं. आणि गृहीतक म्हटलं की ते कुठल्या परिस्थितीत तपासलं, हे विचारायचं.

चित्रकार भरतो, कॅमेरा काढून टाकतो

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. ही तत्त्वं चित्रकारासाठी बनली. चित्रकारापुढे कोरा कागद असतो. डावीकडे झाड आलं, उजवीकडे हलकं वाटतंय, तर तो तिथे एक होडी काढतो. त्याचा समतोल भर घालून साधतो. फोटो काढणाऱ्यापुढे कागद आधीच भरलेला आहे: तारा, खांब, माणसं, कचरा, होड्या, सगळं तिथे आहे. तो दोन पावलं डावीकडे सरकतो, खांब चौकटीतून जातो, आणि समतोल साधतो. तत्त्व तेच, पण त्याचं काम उलटं झालं. चित्रात ते 'काय घालू' हे सांगतं, फोटोत 'काय काढू' हे सांगतं.

हा फरक सुरुवातीच्या छायाचित्रकारांना चांगलाच जाणवला होता. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्लिश छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून 'फेडिंग अवे' हे एकच चित्र बनवलं, आणि १८६९ मध्ये चित्रकलेची रचनातत्त्वं छायाचित्रणाला लावणारं पुस्तक लिहिलं. कॅमेऱ्याला भर घालता येत नाही ना, मग जोडून घालू, असा त्याचा मार्ग.

आपल्याकडचं उदाहरण तर मुंबईचंच आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या विविध जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातल्या कितीतरी चित्रांत माणसं एका निगेटिव्हमधली आणि मागचं दृश्य दुसऱ्या निगेटिव्हमधलं आहे. माणसं एका जागी, प्रकाश बरा असताना उभी करून टिपली आणि मागे मुंबईतली एखादी जागा बसवली. चित्र म्हणून तोल छान. पण ही पुस्तकं लोकांची ओळख करून देणारी म्हणून छापली गेली होती, म्हणजे एका अर्थाने माहिती म्हणून. आज एखाद्याने 'त्या काळी हे लोक अमुक ठिकाणी वावरत' असं सांगायला यातली पार्श्वभूमी पुरावा म्हणून वापरली, तर तो फसेल. रचनेसाठी घेतलेला निर्णय विदेत शिरला, तो असा.

आपण आज निगेटिव्ह जोडत नाही. पण दोन पावलं डावीकडे सरकतो. आता घोलवडला येऊ.

पहिला फोटो: किनारा

नमुना असा: क्षितिज खालच्या तृतीयांश रेषेवर, एका बाजूला सुरूची काळी छायाकृती, विरुद्ध छेदबिंदूवर सूर्य, ओल्या वाळूत त्याचं प्रतिबिंब. घोलवड-बोर्डीचा किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी खूप आत जातं, त्यामुळे आरशासारखी ओली वाळू फुकट मिळते. समतोल आहे, विरोध आहे, नजर आत नेणारी रेषा आहे. संकल्पचित्राच्या पेपरात भरपूर गुण.

पण हा फोटो कुठला आहे ते नाव न वाचता सांगा बरं. अलिबागचा असू शकतो, दिवेआगरचा असू शकतो, अरबी समुद्रावरच्या कुठल्याही सपाट किनाऱ्याचा असू शकतो. समीक्षेच्या भाषेत ही एकसंधतेची किंमत आहे. चौकटीत एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्याच गोष्टी ठेवल्या की चित्र एकसंध होतं, आणि जी गोष्ट जुळत नाही तीच बहुतेक वेळा त्या जागेची खूण असते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी, दुरुस्तीला पसरलेलं जाळं, बोंबील वाळवायचे बांबू, भरतीची रेषा दाखवणारा काडीकचरा, सुरूंच्या मुळांखालची वाहून गेलेली वाळू. छायाकृती करायची म्हणून प्रकाशमापन आकाशावर केलं की हे सगळं काळ्यात बुडतं. आणि काळ्यात बुडालेली माहिती नंतर पुरती परत मिळत नाही.

याने काय बिघडतं? एरवी काहीच नाही. पण याच तालुक्यात, डहाणूच्या दक्षिणेला वाढवण इथे मोठं बंदर होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, समर्थन करणारेही आहेत. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, दहा-वीस वर्षांनी एक प्रश्न नक्की विचारला जाईल: या भागातला किनारा आधी कसा होता? त्या वेळी लोक जुने फोटो शोधतील. सूर्यास्ताचे हजारो सापडतील. वाळू कुठपर्यंत होती, सुरूची रांग किती जाड होती, होड्या कुठे लागायच्या, हे सांगणारे किती सापडतील?

भूविज्ञानात आणि परिस्थितिविज्ञानात 'पुनर्छायाचित्रण' नावाची पद्धत आहे. एकाच जागेवरून, त्याच दिशेने, काही वर्षांनी पुन्हा फोटो घ्यायचा आणि तुलना करायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात हिमनद्यांच्या अभ्यासात तिचा वापर सुरू झाला. या पद्धतीत रचना करायला बंदी नाही, पण रचनेचा उद्देश वेगळा असतो: चौकटीत न हलणाऱ्या गोष्टी हव्यात. एखादी भिंत, देऊळ, खडक, मैलाचा दगड. म्हणजे जो खांब तुम्ही सुंदर फोटोसाठी काढून टाकलात, तोच इथे सगळ्यात मोलाचा.

दुसरा फोटो: एकुलता एक चिकू

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून चिकूचे फोटो वाढले. नमुना असा: एक फळ, स्पष्ट फोकसमध्ये, मागे हिरव्याचा मऊ धूर. ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ १.८ किंवा मोबाइलचा पोर्ट्रेट मोड. इथलं तत्त्व प्राधान्याचं. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन याने १९१५ मध्ये आकृती आणि पार्श्वभूमीचं जे विवेचन केलं, त्याची ही शंभर टक्के अंमलबजावणी. पार्श्वभूमीला इतकं हरवायचं की आकृतीशिवाय काही उरतच नाही.

बाजारासाठी हा फोटो उत्तम आहे. वेष्टनावर छापायला याहून चांगला नाही. आता तोच फोटो चिकूवर संशोधन करणाऱ्याच्या हातात द्या. चिकूच्या झाडाचं वैशिष्ट्य असं की बहर येत राहतो. एकाच फांदीवर कळी, फूल, सुपारीएवढं फळ आणि तोडणीला आलेलं फळ एकाच वेळी दिसू शकतं. हे झाडाचं वेळापत्रक आहे, आणि एकट्या फळाच्या फोटोत नेमकं ते धूसर होऊन जातं. पानांवर काही डाग असतील, धूळ असेल, कीड असेल, तेही हिरव्या धुरात विरघळतं.

आणि इथे 'पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा' हा सल्ला फार गंभीर होतो. डहाणू तालुका जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला. त्याच तालुक्यात ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं. त्याची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. चिकूचं उत्पादन घटतंय आणि त्याला हे केंद्र कारणीभूत आहे, अशा बागायतदारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं, आणि पुढे २००७ मध्ये केंद्रात धुरातलं सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा लागली. तक्रारीत तथ्य किती, हा या लेखाचा विषय नाही. पण अशा वादात फोटो दोन्ही बाजूंनी दाखवता येतात हे लक्षात घ्या. टवटवीत एका फळाचा फोटो दाखवून 'बागा उत्तम आहेत' म्हणता येतं. पुढे सुकलेली फांदी आणि मागे टेलिफोटो लेन्सने जवळ ओढलेली चिमणी दाखवून 'चिमणीनेच हे केलं' असंही म्हणता येतं.

हा दुसरा फोटो नीट बघा, कारण आपल्यातले बरेच जण तिथेच घसरतात. लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरून फोटो काढला की दूरच्या आणि जवळच्या वस्तूंमधलं अंतर दबलेलं दिसतं. काही किलोमीटरवरची चिमणी बागेच्या कुंपणाला लागून असल्यासारखी वाटते. रचनेच्या भाषेत ही छान 'जवळीक' झाली. मॅक्स वेर्टहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडलेलं तत्त्व आहेच: जवळजवळ असलेल्या गोष्टी आपण एक गट म्हणून बघतो. पण विज्ञानात दोन गोष्टी एका चौकटीत आल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. आलेखात सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे आपण पाठ केलेलं असतं. फोटो बघताना मात्र विसरतो.

तिसरा फोटो: भिंत

आता सगळ्यात अवघड नमुना. वारली चित्राचा फोटो. बहुतेक वेळा तारपा नाचाचं सर्पिल, तेही भिंतीतून कापून घेतलेलं, वाजवणारा तृतीयांशाच्या बिंदूवर, बाकी चौकट नाचणाऱ्यांनी भरलेली. लय म्हणजे काय ते शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणूनच तो इतका वापरला जातो.

पण वारली चित्र स्वतःच रचनेची एक पूर्ण पद्धत आहे, आणि तिची तत्त्वं आपल्या यादीशी जुळतीलच असं नाही. लग्नातला चौक घ्या. सवासिनी कुडाच्या भिंतीवर गेरूच्या लाल पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाला नक्षीची किनार असते, आत मधोमध पालघट देवी. बाजूच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या. चौकाबाहेर झाडं, प्राणी, माणसं, नाच, रोजचं काम.

म्हणजे इथे चौकट चित्राच्या आत आहे! आत काय आणि बाहेर काय, हा या चित्राचा मूळ विषय आहे. देवी मध्यभागी आणि जवळजवळ सममित, तृतीयांशाचा नियम सरळ मोडून. गंमत म्हणजे नजरेच्या प्रयोगांनीही मध्याची बाजू घेतलीय. बेंजामिन टॅटलरने २००७ मध्ये दाखवलं की पडद्यावर चित्र बघताना माणसाची नजर मध्याकडे झुकते, ठळक गोष्टी मध्यात नसल्या तरीही.

आता छायाचित्रकार येतो, आणि चौकातून देवी तेवढी 'क्रॉप' करतो, किंवा बाहेरचं सर्पिल तेवढं उचलतो. दोन्ही फोटो छान येतात. पण पहिल्यात देवीभोवतीचं जग गेलं, दुसऱ्यात देवी गेली, आणि दोन्हींत ती किनार गेली, जिच्यामुळे हे 'चौक' होतं. जोडीला खोली गेली, चूल गेली, लिहिणाऱ्या बायका गेल्या. उरला एक सजावटीचा नमुना, जो कुर्त्यावरही छापता येतो आणि कपावरही.

या कलेचा कागदावरचा इतिहासही आठवा. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या पुढाकाराने वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगाला कळले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. मशे यांनी मासेमारीचं मोठं जाळं काढलंय, कागद व्यापून टाकणारं. तिथे एक 'मुख्य बिंदू' शोधत बसलात तर सापडत नाही. नजरेला सगळीकडे फिरावं लागतं, आणि बारीक बारीक गोष्टी तिथे गेल्यावरच दिसतात. प्राधान्याचं तत्त्व इथे मुद्दाम बाजूला ठेवलंय असं माझं वाचन आहे. अशा चित्राचा तुकडा कापून त्याला 'तपशील' म्हणणं म्हणजे लांब यादीतली एक ओळ वाचून यादी कळली म्हणण्यासारखं आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात अजून एक धोका दिसायला हवा. समजा तुम्ही भिंतीवरच्या आकृत्या मोजताय: बायका किती, पुरुष किती, कुठली जनावरं, किती झाडं. मोजणी तुम्ही फोटोंवरून करताय, आणि फोटो काढणाऱ्याने दर वेळी 'रंजक' भाग निवडलाय. मग नाच भरपूर सापडेल, कामं कमी सापडतील. हा निष्कर्ष वारल्यांबद्दल नसून फोटो काढणाऱ्याच्या आवडीबद्दल आहे. आपण याला नमुना निवडीतला पूर्वग्रह म्हणतो. क्रॉप करणं म्हणजे नमुना निवडणं, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी आजच्या लेखाचं काम झालं.

मग तत्त्वं टाकून द्यायची का?

नाही. समतोल, विरोध, लय यांनी फोटो वाचता येतो, आणि न वाचता येणारा फोटो पुरावा म्हणूनही कुचकामी असतो. अंधाऱ्या खोलीत तिरका धरून काढलेला, फ्लॅशने मध्ये पांढरा पडलेला चौकाचा फोटो 'प्रामाणिक' आहे म्हणून उपयोगी होत नाही. त्यात चौरस समलंब दिसतो, प्रमाण बिघडतं, गेरूचा रंग बल्बच्या उजेडात केशरी होतो. तिथे रचनेचं शिस्तबद्ध ज्ञानच मदतीला येतं: कॅमेरा भिंतीला समांतर, मध्य मध्यावर, प्रकाश सारखा.

प्रश्न हा की तत्त्व कशाच्या सेवेला लावायचं. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांच्या कामात दिसतं. त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. त्यांनी इल्या रेपिन या चित्रकाराचं एक चित्र, घरात अनपेक्षितपणे परत आलेला माणूस, एकाच प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा दाखवलं आणि नजरेचा मार्ग नोंदवला. दर वेळी प्रश्न वेगळा. 'या लोकांची वयं सांगा' म्हटलं की नजर चेहऱ्यांवर खिळली. 'या कुटुंबाची आर्थिक परिस्थिती कशी' म्हटलं की नजर घरातल्या वस्तूंवर गेली. चित्र तेच, रचना तीच, बघणारा तोच. प्रश्न बदलला आणि बघणं बदललं.

याचा अर्थ, नजर कुठे जाईल हे एकटी रचना ठरवत नाही. बघणाऱ्याचा प्रश्नही ठरवतो. 'दहा नियम' सांगणारे गृहीत धरतात की बघणारा रिकाम्या मनाने येतो. तुमच्या प्रबंधाचे परीक्षक तसे येत नाहीत, ते प्रश्न घेऊन येतात. तुमच्या फोटोत त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागणारी गोष्ट चौकटीत असली पाहिजे. ती तृतीयांशावर आहे की कोपऱ्यात, हे नंतर.

आणि सिद्धान्तावर किती प्रेम करायचं यासाठी पीटर हेन्री इमर्सनची गोष्ट ध्यानात ठेवा. त्याने १८८९ मध्ये हेल्महोल्ट्झच्या दृष्टिविज्ञानाच्या आधारावर 'नैसर्गिक छायाचित्रण' नावाचा सिद्धान्त मांडला: डोळ्याला मध्यभाग स्पष्ट आणि कडा धूसर दिसतात, तर फोटोही तसाच हवा. वर्ष-दीड वर्षात त्यानेच तो मागे घेतला, आणि त्यासाठी काळ्या किनारीची, शोकपत्रासारखी पुस्तिका छापली. सुंदर वाटणारी आणि वर विज्ञानाचा शिक्का असलेली कल्पना सोडून देणं किती अवघड, ते आपल्या क्षेत्रातले लोक जाणतात.

शेतावर, किनाऱ्यावर, भिंतीपुढे: करायचं काय?

१. कॅमेरा काढण्याआधी वहीत एक ओळ लिहा: 'या फोटोने कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय?' ओळ लिहिता येत नसेल तर तो फोटो आठवणीसाठी काढा, विदेत घालू नका.

२. दर विषयाचे तीन फोटो: दूरचा, मधला, जवळचा. भिंत असेल तर आधी पूर्ण खोली, मग पूर्ण चौक, मग तपशील. चिकू असेल तर झाड, फांदी, फळ. जवळचा फोटो छापायचा असेल तर दूरचा परिशिष्टात द्या.

३. मोजपट्टी ठेवा. रंग महत्त्वाचा असेल तर रंगपट्टी किंवा निदान एक करडा कागद ठेवा. फोटोची शोभा जाईल. जाऊ द्या.

४. कुठून काढला, कुठल्या दिशेने, किती वाजता, भरती होती की ओहोटी, लेन्स कुठली, हे लिहून ठेवा. ओहोटीचा किनारा आणि भरतीचा किनारा शेजारी ठेवून 'वाळू वाहून गेली' असा निष्कर्ष निघू नये.

५. मूळ फाइल कधीही बदलू नका. क्रॉप केलंत तर मथळ्यात तसं लिहा. जीवशास्त्रातल्या 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतल्या प्रतिमांची तपासणी सुरू केली. इतर विषयांतही आता अशी काटेकोर नजर असते.

६. घरात जाऊन चौकाचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि लिहिणाऱ्या बाईचं नाव द्यायचं की नाही हेही तिलाच विचारा. 'अज्ञात आदिवासी कलाकार' हीसुद्धा एक प्रकारची क्रॉपिंगच आहे.

आणि एक अभ्यास. तुमच्या मोबाइलमधला तुम्हाला सगळ्यात आवडणारा निसर्गाचा फोटो उघडा. तो काढताना तुम्ही कशापासून सरकलात, काय टाळलंत, काय काळ्यात जाऊ दिलंत, याची यादी करा. आठवेल तेवढी. पाच गोष्टी तरी निघतील. मग स्वतःला विचारा: वीस वर्षांनी एखाद्या संशोधकाला त्या जागेबद्दल जाणून घ्यायचं असेल, तर त्याला तुमचा फोटो जास्त उपयोगी पडेल की तुमची यादी?

यादी जास्त उपयोगी वाटली, तर पुढच्या वेळी त्याच जागी अजून एक फोटो काढा. खांबासकट.